ऑक्सिजनच्या रिंगांना टिळा

आमच्या दिरासारखा दीडशहाणा अख्ख्या चारकोपात शोधून सापडायचा नाही. शिवदास त्याचं नाव. कारखाना दोघा भावांचा, पण राबायचं आमच्या ह्यांनी, चंद्रप्रकाशनी, आणि मिरवायचं ह्या महाभागानं.

आम्ही गॅसच्या कंप्रेसरसाठी टेफ्लॉनच्या रिंगा बनवतो. काही रिंगा गॅस निसटू देत नाहीत, काही पिस्टनला मधोमध धरतात, म्हणजे तो सिलिंडरला घासत नाही. ह्या वेळच्या रिंगा ऑक्सिजनच्या कंप्रेसरच्या होत्या. तिथं तेलाचं बोटसुद्धा चालत नाही. दाबलेल्या ऑक्सिजनला तेल मिळालं की भडकाच. म्हणून मी स्वतः त्या धुऊन, हातमोजे घालून, पिशव्यांत बंद केल्या होत्या.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मी नैवेद्य आणायला घरी गेले, तेवढ्यात शिवदासला रिंगांची पूजा आठवली. पिशव्या फोडल्या. आता टेफ्लॉनवर काही चिकटतं का? कुंकू घसरायला लागलं. तर मेल्यानं ते खोबरेल तेलात कालवलं! एकेका रिंगेला टिळा, वर झेंडू, आणि फोटो स्टेटसला. मग फडक्यानं पुसून सगळ्या परत पिशव्यांत. नव्या पिशव्या, बरं का, नीट सीलबंद. तेवढी अक्कल बरी सुचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मी ते स्टेटस पाहिलं, फोटोत खोबरेलाची बाटलीही होती. हे रिंगांचं खोकं उचलून मुलुंडला गिऱ्हाइकाकडे निघालेच होते. रिंगा बसवणार हे, आणि कंप्रेसर सुरू होताना बाजूला उभे राहणारही हेच.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत?"

"वहिनी, एवढ्याशा तेलानं काय होतंय? पुसलंय ना! देवाचं काम आहे. आणि आज लावून देतो म्हणून मी पार्टीला शब्द दिलाय."

"रिंग बसवायला तिला काप दिलेला असतो, त्यात शिरलेलं तेल तुमच्या फडक्यानं निघतं होय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. धाकटा भाऊ बोलला की ह्यांच्या तोंडाला कुलूप, लग्न झाल्यापासून बघतेय.

"जाऊ दे ना गं," हे पुटपुटले. "सणाचा वाद नको. मी तिथं परत पुसून घेतो."

भावाचं मन राखायला हा माणूस मरायला निघाला होता!

"बरं, जा," मी म्हणाले. "पण भावोजींनाही न्या. बटण तुम्ही लांबून दाबा, भावोजी कंप्रेसरजवळ उभे राहतील. देवाचं काम आहे ना?"

शिवदास हसला. आमच्यापैकी कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबला.

"मी आलो असतो हो. पण अंधेरीला एकाला भेटायचंय."

"कधी ठरलं?" ह्यांनी विचारलं.

"आत्ताच फोन आला."

त्याचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. हे त्या फोनकडे बघत राहिले, मग भावाकडे.

ह्यांनी खोकं खाली ठेवलं, सगळ्या पिशव्या काढल्या आणि शिवदासच्या हातात कोंबल्या.

"घे. देव्हाऱ्यात ठेव. मी नव्या करायला घेतो," हे म्हणाले. "आणि तो फोन उचल. काय केलंस ते पार्टीला सांग. इथंच, माझ्यासमोर."