गोजराबाईंचे ओठ

सायखेड्याच्या गोजराबाई ‘बोल’ म्हणत, तेव्हा त्यातला स्वर धड ‘ओ’ही नसे आणि धड ‘अ’ही नसे. अठ्ठ्याहत्तर साली पुण्याहून बोलीचा अभ्यास करायला आलेल्या टिळेकरांच्या प्रबंधाचा सगळा जीव त्या एका स्वरात अडकला होता. टेपरेकॉर्डरवर आवाज स्वच्छ उतरला होता. पण स्वराला चिन्ह द्यायचं, तर ओठ गोल होतात की पसरट राहतात हे डोळ्यांनी बघावं लागतं. आणि परका पुरुष समोर आला की गोजराबाईंचा पदर तोंडावर जाई.

“आजी, पदर जरा...” टिळेकर म्हणाले.

“आवाज पाहिजे व्हता, दिला. आता तोंडबी पाहिजे का?” पदराआडून उत्तर आलं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. एक टाळकरी कमी पडला, म्हणून कीर्तनकार पुंजारामबुवांनी टिळेकरांच्याच हाती टाळ देऊन त्यांना मागे उभं केलं. शेवटच्या गजराला बुवांचा गळा असा लागला की सगळा मंडप डोलू लागला. “हात वर करून टाळी वाजवा,” बुवा म्हणाले. समोर बायकांत बसलेल्या गोजराबाईंनी देवासाठी पदर सोडला. शेजारीण गप्पच होती. “बोल की गं, बोल,” त्यांनी तिला दटावलं.

टिळेकरांचा टाळ थांबला. “पसरट,” ते ओरडले. “बुवा, ओठ पसरट आहेत.”

मृदंगही थांबला. गोजराबाईंनी झटकन पदर ओढला.

“समदे देवाकडं पाहतात,” त्या म्हणाल्या, “अन् हा माझ्या तोंडाकडं.”

बुवा हसले. “पाहू दे, गोजरामाय. त्याचा देव आज तिथंच उभा हाय. टिळेकर, आता टाळ धरा.”