साडूला दिलेला पॉइंट

दर रविवारी सकाळी घड्याळजी आणि त्यांचे साडू वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर टेबल टेनिस खेळत. खेळ कमी, भांडण जास्त. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे. चेंडू कडेला लागला की नाही यावर ते केसभरही मागे हटत नसत. गणिताचे मास्तर असलेले साडूभाऊ तरी कुठे ऐकणारे!

वर्षभरापासून घड्याळजींना इन्सुलिन सुरू होतं. खेळण्याआधी, मध्ये आणि नंतर शुगर बघा, आधीच शंभराच्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच खेळा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या रविवारी मशीनवर त्र्याण्णव आले. पिशवीत केळं होतं. पण जिन्यावरूनच साडूभाऊ म्हणाले, "हरायला उशीर करताय वाटतं?" झालं. केळं पिशवीतच राहिलं.

तिसऱ्या गेमपर्यंत सगळं रीतसर चाललं, म्हणजे दोघांचं दोनदा वाजलं. मधली तपासणी मात्र भांडणाच्या भरात राहून गेली. मग घड्याळजींना दरदरून घाम फुटला आणि एकाएकी जग फार चांगलं वाटू लागलं. साडूभाऊंचा एक फटका टेबलाच्या पलीकडे हातभर जाऊन पडला.

"कडेला लागला," साडूभाऊ सवयीने म्हणाले.

"असेल. घ्या पॉइंट. छान खेळता तुम्ही."

साडूभाऊंनी बॅट खाली ठेवली. "बसा आधी."

"अहो, मी ठणठणीत आहे."

"अठरा वर्षांत मला कधी छान म्हणाला नाहीत. बसा म्हणतो ना."

घड्याळजी बसले. बोटाला सुई टोचली, पण एवढासा काटा अचूक बसवणाऱ्या त्या हातांना मशीनमध्ये पट्टी काही घालता येईना. साडूभाऊंनी घातली. छप्पन्न.

"केळं सोलू?"

"नंतर. आधी ग्लुकोजच्या गोळ्या. पुढच्या कप्प्यात."

घड्याळजींनी चार गोळ्या चघळल्यावर साडूभाऊ पंधरा मिनिटं समोर बसून राहिले, परीक्षेच्या वर्गात बसतात तसे. पुन्हा तपासलं तर अठ्ठ्याऐंशी. मग केळं.

"तो फटका बाहेर होता," अर्धं केळं संपल्यावर घड्याळजी म्हणाले.

"चांगला हातभर बाहेर. आता बरे झालात."

घड्याळजींनी खाली बघितलं. "मला कळलंच नाही हो. घरी बोलू नका."

"मी कुणाला सांगणार? फार तर माझ्या बायकोला."

आणि तिची सख्खी बहीण म्हणजे घड्याळजींची बायको.

खेळ तिथेच थांबवून साडूभाऊंनी आधी एक फोन केला आणि मग त्यांना घरापर्यंत पोचवलं. घड्याळजींची बायको दारातच उभी होती, कानाला बहिणीचा फोन. तिने मशीनसाठी हात पुढे केला, आणि घड्याळजींनी निमूटपणे बोट.