विसावी पिशवी

पान्योंगनं खेकडा लाल पिशवीत सोडला, वर सैलशी गाठ मारली आणि पिशवीतून काढलेली लाकडी सन्मानपाटी पडद्याला लागून असलेल्या टेबलाखाली सरकवली. पडद्यापलीकडे माईक खरखरत होता. बास्केटबॉलच्या मैदानावर सगळं लुम्बायान गाव लोटलं होतं. माणसं नवे कपडे घालून, पान्सितच्या, परतलेल्या शेवयांच्या, वासाकडे नाक करून बसली होती.

"मनोंग पान्योंग," गावचा कप्तान, म्हणजे तिथला सरपंच, पडद्याआड डोकावला. "पाहुणे शहरातले आहेत. आज हात खिशात ठेवा."

"ठेवले," पान्योंग म्हणाला आणि खरंच ठेवले.

माईकवर विद्यापीठाच्या सोलेदादबाई होत्या. त्यांनी दहा गावांत वीस-वीस पिशव्या, लोक परत आणतात का ते बघायला, मुद्दाम टाकून ठेवल्या होत्या, बाकावर, जेट्टीवर, चर्चच्या पायरीवर. आत शाळेचे नवे बूट आणि जिची पिशवी हरवली त्या आईचं नाव. कुठे नऊ परत आल्या, कुठे बारा.

"लुम्बायानमध्ये वीसच्या वीस," बाई म्हणाल्या. "आणि त्यातल्या एकोणीस तर कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत. असा संयम आम्हाला कुठेच दिसला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पान्योंगनं हसू दाबायला ओठ चावला. संयम कसला डोंबलाचा! गेली वीस वर्षं या गावात बेवारस दिसणारी प्रत्येक पिशवी त्याची असायची. कधी आत खेकडा, कधी किंचाळणारं घड्याळ, तर एकदा शेणाचा केक, वर गुलाबी साखरेची फुलं. लुम्बायानमध्ये रांगतं पोरसुद्धा पडलेल्या पिशवीला हात लावत नसे. मागच्या महिन्यात मासळीवाली नेना असलीच एक पिशवी बांबूच्या टोकाला लटकवून भर बाजारातून कचेरीत गेली होती, वाटभर "पान्योंग, मेल्या, तुझं तळपट होवो" असा जप करत. महिनाभर अशाच शिव्या खाऊन तो चक्रावला होता, कारण या पिशव्या त्यानं टाकल्याच नव्हत्या. आपला धंदा कोण पळवतंय, हेच त्याला कळेना.

आता कळलं होतं. जरा वेळानं कप्तान पाटीसाठी पिशवीत हात घालणार, बोंबलणार, मग पान्योंग माईक हातात घेणार. बाई, तुमचा शोध म्हणजे माझी वीस वर्षांची मेहनत. त्याची बायको तार्सिला तिसऱ्या ओळीत बसली होती. तुझ्या वात्रटपणाचा गावाला काडीचा उपयोग नाही, असं ती लग्नापासून सांगत आली होती. आज तिलाही उत्तर मिळणार होतं.

"पण मला सांगायचंय ते विसाव्या पिशवीबद्दल," सोलेदादबाई म्हणाल्या. त्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी एक काळा बूट उचलला. "ही एकटी उघडली गेली. ती आणून देणाऱ्या बाईनं स्वतःचं नाव सांगितलं नाही. कारकुनाला फक्त एवढंच म्हणाली, नवे बूट टाच सोलतात, म्हणून आतून पट्टी शिवलीय, आईला सांगा."

पडद्याच्या फटीतून बूट पान्योंगच्या अगदी नाकासमोर दिसत होता. टाचेच्या आत पिवळी पट्टी, बारीक टाके, आणि त्यावर छापलेले लाल कोंबडे.

कोंबडे त्याच्या ओळखीचे होते. रोज दुपारी तो त्यांच्यावरच गाल टेकून झोपायचा. महिन्यापूर्वी उशीचा अभ्रा नाहीसा झाला, तेव्हा त्यानं उंदरांना दोष दिला होता.

त्यानं फटीतून तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. तार्सिला वारा घेत होती, शेजारणीशी तांदळाविषयी बोलत होती.

आपण माईकवर गेलो की गाव पोट धरून हसेल. मग एकोणीस काय नि वीस काय, सगळ्याच पिशव्या पान्योंगच्या भीतीनं परत आलेल्या ठरतील. ही पट्टीसुद्धा.

"आता कप्तान..." बाई म्हणाल्या.

कप्तान हात पुढे करून आलाच. पान्योंगनं झडप घालून पिशवी ओढली, एक हात आत खुपसून खेकडा तळाशी दाबला आणि दुसऱ्या हातानं टेबलाखालची पाटी काढून कप्तानच्या हातात दिली. आत खेकड्यानं अंगठा धरला. पान्योंगनं सगळे दात दाखवले.

"मनोंग," कप्तान हळूच म्हणाला, "डोळ्यांत पाणी?"

"गावाचा अभिमान वाटतो, कप्तान."

आणि यात खोटं काही नव्हतं.

घरी जाताना बाजाराच्या तोंडाशी नेना एका परगावच्या माणसामागे धावताना दिसली. त्याची विसरलेली छत्री तिनं चक्क हातात धरली होती, बांबू कुठेच नव्हता. "घ्या," ती धापा टाकत म्हणाली, "हे लुम्बायान आहे."

पान्योंगनं अंगठा खिशात लपवला आणि तिला वाट दिली.

तार्सिलानं अंगठा धुतला, चिंधी गुंडाळली.

"खेकडा कुणासाठी होता?"

"कप्तानसाठी."

"मग?"

"ऐन वेळी मन झालं नाही."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, ताप आहे का बघावं तसं.

"तार्सिला, रस्त्यात पिशवी दिसली तर तुला उघडायची भीती नाही वाटत?"

तिचे हात क्षणभर थांबले. मग तिनं गाठ मारली.

"कशाला वाटेल? तुझे खेकडे बादलीत किती आहेत ते बघूनच मी घराबाहेर पडते. त्या दिवशी तिन्ही होते."

ती पान्सित गरम करायला आत गेली. पान्योंग चटईवर आडवा झाला. बिनअभ्र्याच्या उशीतल्या कापसाच्या गाठी गालाला टोचत होत्या. त्यानं उशी उलटली, दुसऱ्या बाजूलाही टोचत होत्या. तशीच त्यानं मान टेकली, आणि नवा अभ्रा काही मागितला नाही.