लंकाबाईंच्या हातचा

तर ऐका, त्या पाकिटावर लंकाबाईचा फोटो होता. डोक्यावर पदर, नाकात नथ, तीपण शेजारणीकडून मागून आणलेली, आणि खाली लाल अक्षरांत छापलेलं, 'लंकाबाईंच्या हातचा घरगुती काळा मसाला'. हे ब्याऐंशी सालचं. घरगुती म्हणजे काय, तर सातपूरला पत्र्याचा गाळा, शेजारच्या गाळ्यात दिवसभर लेथ मशीन कुरकुरतंय. तिच्या मुलानं, गोरखनं, फिटरची नोकरी सोडून तिथं हा धंदा काढला होता. आणि हातचा म्हणाल, तर लंकाबाईला मसाला भाजताच यायचा नाही. खरंच. खोबरं कढईत टाकून ही दारात गप्पा मारत उभी राहायची आणि धूर अंगणात आला की मग तिला खोबरं आठवायचं.

पण तिला वाचता येत नव्हतं ना. पाकिटावर आपला फोटो आहे, एवढंच तिला माहीत. कुणी पाहुणा आला की पाकीट दाखवायची आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळ आपणच बघत बसायची.

मग झालं असं, नाशिकरोडला तिच्या नणंदेकडे, पुतळाबाईकडे, हळदीकुंकू होतं. तिथं एका नव्या सुनेनं तिला ओळखलं आणि थेट पायाच पडली.

"मावशी, आम्ही तुमच्या हातचाच मसाला आणतो. सासूबाईंचा विकतच्या मसाल्यावर विश्वास नाही. पण मी पाकीट वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाल्या, बाईनं स्वतः भाजलाय ना, मग आण. मावशी, दगडफूल किती घालता हो?"

लंकाबाई म्हणाली, "अंदाजानं."

पुतळाबाईला एवढं हसू आलं की हातातलं तबक हललं. "अगं पोरी, हिनं मसाला भाजायला घेतला की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकायची."

सगळ्या हसल्या. ती नवी सून तेवढी हसली नाही. ती लंकाबाईकडं बघत राहिली, म्हणजे मी सासूला खोटं सांगितलं की काय, अशी. घरी येताना बसमध्ये लंकाबाईच्या डोळ्यांसमोरून तो चेहरा हटेना.

रात्री गोरख जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "त्या मसाल्याला माझा हात कधी लागला रे?"

"आई, तसं म्हणायचं असतं."

"मग तसं म्हणायचं असतं, असं लिही ना खाली."

"अगं, तुपाच्या डब्यावर गाय असते. ती काय तूप कढवायला येते?"

"गाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाय," लंकाबाई म्हणाली. "मला बोलवत्यात."

"पाकिटं छापून झालीत, आई. गाळाभर पडलीत."

"मग मी येते. हात लावायला."

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. पण सकाळी ही डबा घेऊन त्याच्या आधी बसथांब्यावर. गाळ्यात आक्काबाई होती, एकलहऱ्याची. मसाला खरा तीच भाजायची. लंकाबाईनं पदर खोचला, तिच्या हातातला झारा घेतला आणि खोबरं परतायला लागली. आक्काबाई आपली सहज, वीजकेंद्रातल्या नवऱ्याच्या पाळ्यांचं सांगायला लागली आणि झालं. गप्पा रंगल्या. मग धूर. शेजारचं लेथ बंद पडलं, तिथली पोरं खोकत बाहेर.

"यापेक्षा आमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी बरी," आक्काबाई म्हणाली.

गोरख धावत आला. "आई, अख्खी कढई गेली."

"गेली कशी? हाच खरा माझ्या हातचा. भर पाकिटात."

गोरखनं पाकिटावरच्या आईकडं बघितलं, मग समोरच्या, नाकाला काजळी लागलेल्या आईकडं. "हा कोण खाईल?"

"तेच म्हणते मी. लोक खात्यात तो आक्काबाईचा. मग तिचं नाव घाल की."

"नाव घाला, पण फोटो नको हां," आक्काबाई म्हणाली. "मला बाजारात निवांत घासाघीस करू द्या."

आता एवढी पाकिटं फेकवेनात. शेवटी गोरखनं रबरी शिक्का करून आणला, 'फोटो आईचा, हात आक्काबाईंचा'. तो मारायचा बरोबर लाल अक्षरांवर, म्हणजे ते 'घरगुती'पण खाली दडपलं गेलं. शिक्के मारायला लंकाबाई बसली. कितीतरी शिक्के तिनं फोटोतल्या आपल्याच नाकावर मारले. गोरख कपाळाला हात लावून बघत होता.

आणि पहिलं पाकीट घेऊन ती स्वतः नाशिकरोडला गेली, त्या सुनेच्या घरी. सुनेनं शिक्का मोठ्यानं वाचला. सासूनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, लंकाबाईला नीट न्याहाळलं.

"बरं. नथ तरी तुमचीच ना?"

"शेजारणीची," लंकाबाई म्हणाली.

आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की चहा टाकायला उठलेली सून दारातच उभी राहिली.