काचेपलीकडचं बोलणं

“काय म्हणतेय ती?” बाबांनी फुटपाथवरून ओरडून विचारलं.

आई खिडकीच्या आतून ओठ हलवत होती. आवाज अजिबात नाही. मी दाराबाहेर गुडघ्यांवर बसून पायरीची कड दगडाने घासून पांढरी करत होते. मान वळवून पाहिलं आणि सांगितलं, “डबा विसरलात म्हणतेय.”

बाबा परत आले. “इतकी वर्षं संसार केला, पण या बाईचं एक अक्षर मला कळेल तर शपथ!”

“तेच बरंय,” आई आता मोठ्याने म्हणाली. “कळलं असतं तर कधीच पळून गेला असतास.”

माझी आई मेबल इंग्लंडमधल्या बर्नली गावी एका कापडगिरणीत मागावर होती. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की कानाशी येऊन ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बाया ओठांनीच बोलतात. तोंड भरपूर उघडून, एकेक शब्द चघळून. ही सवय त्यांच्याबरोबर घरी यायची. सोमवारी गिरणी सुटल्यावर गल्लीत आडव्या दोऱ्यांवर सगळ्या घरांचे कपडे वाळत पडले, की आई आणि समोरची क्लारामावशी चादरींवरून माना काढून तासन्‌तास बोलत आणि गल्लीत चिडीचूप असे. कोणाला दिवस गेलेत, कोणाचं काय कापून काढलं, असल्या गोष्टी आवाजात बोलायच्याच नसतात, अशी दोघींची ठाम समजूत. बघून बघून मीही शिकले. हे आईला कळलं तेव्हा तिने आधी पाठीत धपाटा घातला. मग म्हणाली, “तोंड नीट उघड. बटाटा खातेयस का?”

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. त्यांना ओठांवरून फक्त ‘चहा?’ कळायचं, तेही आईच्या हातात किटली असली तर.

त्या वर्षी पानगळीच्या सुमाराला आईचं पोट दुखायला लागलं. इस्पितळात पोट उघडलं आणि तसंच शिवून तिला घरी पाठवलं. बाबांनी पलंग खाली आणून पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. तिथून आई पडल्या पडल्या सगळ्या गल्लीवर नजर ठेवायची. कोणाची पायरी काळी राहिली, कोणाचे पडदे धुवायला झालेत, सगळं तिला दिसायचं.

एकदा डॉक्टर हेसकेथ आले, तपासून म्हणाले, “आराम पडेल हळूहळू.” मग बाबांना खूण करून बाहेर घेऊन गेले. तिला ऐकू जाऊ नये म्हणून बाबांनी दार घट्ट लावून घेतलं आणि दोघं उभे राहिले ते नेमके खिडकीसमोर. डॉक्टरांची पाठ आमच्याकडे होती. बाबांचं तोंड आमच्याकडे.

“किती दिवस?” बाबा म्हणाले.

आवाज आत आला नाही, पण ओठ लख्ख दिसले. डॉक्टर काहीतरी बोलले.

“नाताळसुद्धा नाही?” बाबा म्हणाले. आणि मग, “तिला सांगू नका. काही झालं तरी तिला सांगू नका.”

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीकडेच बघत होती. मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं. घरात तिसरं कोणी नव्हतं, तरी ती आवाज न करता बोलली, “मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. कधीच. तो कोसळेल. कबूल?”

“कबूल,” मीही ओठांनीच म्हटलं.

बाबा तोंडावरून रुमाल फिरवत आत आले.

“काय एवढं खलबत चाललं होतं?” आईने विचारलं.

“घोड्यांचं. शनिवारी कुठल्यावर पैसे लावू म्हणून विचारत होता.”

“डॉक्टर होऊन शर्यती खेळतो? आणि माझं काय म्हणाला?”

“म्हणाला, सूप पाजा. उन्हाळ्यापर्यंत मागावर उभी राहील.”

“मग राहीन की.”

मला दोघांचाही भयंकर राग आला. मी मागच्या अंगणात कोळशाच्या कोठडीत जाऊन मनसोक्त रडले. बाहेर आले तेव्हा ती दोघं ब्लॅकपूलवरून भांडत होती. उन्हाळ्यात गिरण्यांना सुट्टी लागली की आमचं अख्खं गाव तिथे समुद्रावर जायचं. पुढच्या सुट्टीत जेवणासकट खोल्या देणाऱ्या त्याच बाईकडे उतरायचं की नाही, हा वाद होता. “ती पाणचट रस्सा वाढते,” आईचं म्हणणं. “पण गाद्या चांगल्या आहेत तिच्या,” बाबांचं. हे भांडण पुढे कितीतरी आठवडे चाललं. कोणीच माघार घेईना.

समोरच्या क्लारामावशीला आईने सगळं काचेतूनच सांगितलं. त्या दिवसापासून क्लारामावशी स्वतःच्या पायरीबरोबर आमचीही पायरी घासू लागली.

डिसेंबर लागला आणि आई गेली. शवपेटी निघाली तेव्हा गल्लीतल्या एकूण एक खिडकीचे पडदे तिच्या मानासाठी ओढलेले होते. दफनाहून आल्यावर बायांनी हॅम कापलं, चहा केला, कपबशा विसळल्या आणि त्या गिरणीत गेल्या.

सोमवारी बाबा कामावर निघाले. पलंग पुन्हा वर गेला होता, त्या जागी खुर्ची ओढून मी खिडकीशी बसले होते. डॉक्टरांशी बोलताना उभे होते नेमके त्याच जागी बाबा थांबले आणि वळले. मला वाटलं, डबा विसरले. पण डबा तर त्यांच्या हातात होता.

त्यांनी तोंड उघडलं. गिरणीतल्या बायांसारखं, भरपूर, वेडंवाकडं. आवाज केला नाही. चेहरा लालबुंद झाला होता.

“तिला कळलं होतं?”

मी आईला शब्द दिला होता. मी तोंड नीट उघडलं, तिने शिकवलं होतं तसं.

“नाही.”

बाबा काचेकडे बघत राहिले. मग हळूच मान डोलावली, टोपी सारखी केली आणि मालधक्क्याच्या दिशेने चालू लागले. या वेळी त्यांनी ‘काय म्हणतेय ती?’ असं कोणाला विचारलं नाही.

समोर क्लारामावशी पायरीवर दगड तसाच धरून माझ्या ओठांकडे बघत होती. बाबा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती हलली नाही. मग बादली उचलून रस्ता ओलांडून आली आणि आमची पायरी घासायला बसली.