सभागृहाबाहेरचं मत

विज्ञानकथा रसिक मंडळाची घटना लिहिली तेव्हा संघदीप गजभिये आणि भुवनेश्वर रहांगडाले, दोघांचीही तिशी उलटली नव्हती. संघदीप तिरोड्याच्या पोस्टात होता, भुवनेश्वर तिथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. परग्रहांच्या गोष्टी वाचणारी माणसं या भागात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचं वर्षातून एक संमेलन भरवायला नियम कायले पाहिजेत, असं संघदीपला वाटे. भुवनेश्वरला मात्र नियमांची भारी हौस. पुढचं संमेलन कुठं, हे यंदाच्या संमेलनात मतदानानं ठरेल. अध्यक्ष मत देणार नाही. मतं सारखी पडली तरच देईल. आणि मत त्याचंच, जो सभागृहात बसून हात वर करेल.

"नाहीतर लोक घरी बसून चिठ्ठ्यांवर मंडळ चालवतील," तो म्हणायचा.

मंडळ वाढलं, नागपूरपर्यंत पोरं जोडली गेली. भुवनेश्वरच्या किडन्या मात्र गेल्या. आठवड्यातून तीनदा गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. यंदा संमेलन कोहमाऱ्याला होतं आणि नेमका तोच दिवस डायलिसिसचा आला. जायच्या आधी संघदीप भेटायला गेला, तर तो खाटेवर उशीला टेकून बसला होता.

"पुढचं बोदलकस्याला घे," तो म्हणाला. "तलावाच्या काठी. तेवढं अंतर मले झेपते. एक गोष्ट लिहून राहिलो, ती तिथं वाचीन म्हणतो."

"घेऊ ना," संघदीप म्हणाला.

यंदा अध्यक्ष संघदीपच होता. ढाब्याच्या वरच्या हॉलमध्ये कामकाजाची सभा सुरू झाली. दोन प्रस्ताव आले. एक बोदलकस्याचा, दुसरा नागपूरचा. तो रिंकी बिसेननं मांडला. नागपूरला मोठं सभागृह मिळणार होतं, कॉलेजची मुलं येणार होती. हात वर झाले. नागपूरला चौदा, बोदलकस्याला तेरा.

तेवढ्यात अश्विन शहारे फोन घेऊन उभा राहिला. पलीकडे भुवनेश्वर होता, दवाखान्यातून. त्याचं मत बोदलकस्याला. म्हणजे चौदा-चौदा, आणि मग निर्णय अध्यक्षाच्या मतावर. ते मत कुठं पडेल हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

कोणी हरकत घेतली नाही. संघदीप तोंड उघडणार, तोच रिंकी हळूच म्हणाली, "काका, मागच्या वर्षी माझी डिलिव्हरी झाली होती. मी दवाखान्यातून फोन केला होता. तेव्हा अध्यक्ष भुवनेश्वरकाका होते. नाही म्हणाले. मी काही बोलली नाही. तुम्ही ठरवा."

ती खाली बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच संघदीपला जास्त लागलं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.

"मत धरता येत नाही," तो म्हणाला. "पुढचं संमेलन नागपूरला."

फोन अजून चालूच होता. मग तो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संघदीप भुवनेश्वरकडे गेला. भुवनेश्वर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"नियम तुयाच होता," संघदीप म्हणाला.

"माहीत आहे."

"रिंकीले तूच नाही म्हटलं होतं."

"माहीत आहे म्हणतो ना. काऊन सांगून राहिला?" तोंड न वळवताच तो म्हणाला, "तू बरोबर केलं, संघदीप. पण मले वाटलं होतं, तू चुकशील."

त्यानंतरही संघदीप जात राहिला. कधी डायलिसिसला सोबत करी. बोलणं व्हायचं ते पावसाचं, धानाचं, कॉलेजातल्या बदल्यांचं. मंडळाचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. गोष्ट कुठवर आली, हेही संघदीपला विचारवलं नाही. पोळ्याच्या आधी भुवनेश्वर गेला.

नागपूरचं संमेलन दणक्यात झालं. रिंकीनं घटनादुरुस्ती मांडली: आजारी सभासदाचं मत फोनवरून धरावं. एकमतानं मंजूर झाली. लागोपाठ दोन संमेलनांत मंजूर झाली तरच ती लागू होणार होती, म्हणजे अजून एक वर्ष थांबायचं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं संघदीप तिरोड्याला उतरला, तो सरळ भुवनेश्वरच्या घरी गेला. त्याच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, दार उघडलं.

"लय लोक होते का, भाऊजी?"

"हॉल भरला होता, वहिनी. पोरं मागं उभी होती."

"त्याईले आवडलं असतं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

संघदीपनं धीर करून विचारलं, "माह्यावर राग घेऊन गेला का तो?"

मग त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

"मलेही नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी त्याईले विचारावं म्हणत होते, राहून गेलं."