काल्याच्या कीर्तनातला चढता सूर

या माऊली, असे जवळ सरका. टाळ मांडीवर राहू द्या, वाजवायची वेळ अजून आहे. तोवर आमच्या निलंग्याच्या मृत्युंजयअप्पांची गोष्ट सांगतो. मध्येच हसू आलं तर मोकळं हसा. देवाच्या दारात हसायला बंदी नाही.

मुदखेडहून अप्पा एसटीनं परत येत होते. मांडीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबच लांब आडवं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं आधी पाय आखडून घेतले, मग हळूच हात जोडले.

"कोण होतं म्हणावं?"

"जपानी हाय. लई जुनं."

"अरारा. मग तिकडं कळवलं का न्हाई कुणी?"

अप्पांनी चादरीचं टोक उचललं. आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर बटणांची दाटी.

"कॅसिओ व्हय!" म्हातारा चिडला. "उगं जीव खालीवर केला माझा."

"कॅसिओ न्हाई मामा, सिंथेसायझर."

अप्पांची निम्मी हयात हे वाक्य म्हणण्यात गेली. उरलेली निम्मी भांड्यांच्या दुकानात. जुनं पितळ मोडीत घ्यायचं, त्याच्या बदल्यात नवं स्टील द्यायचं, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. डीजे आले, गावोगावचे ऑर्केस्ट्रे बसले, आणि अप्पांनी वाजणारी मोड घ्यायला सुरुवात केली. हिमायतनगरच्या बँडवाल्याचं यंत्र एका परातीवर आलं. मुदखेडच्या अमृतरावांनी हे जपानी चार पातेल्यांवर सोडलं असतं, पण त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "इडलीपात्र टाका वर, तरच उचला." अप्पांनी टाकलं. तळहातावर मावणारं एक नवंकोरं यंत्रही त्यांनी मोबाईलवरून मागवलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अप्पा वाजवायचे आणि शेजारचा किराणावाला म्हणून मी ऐकायचो. पाऊस वाजायचा, बासरी वाजायची, कधी नुसतीच म्हैस हंबरल्यासारखं व्हायचं.

"हे काय हो अप्पा?"

"शोधून राहिलो," अप्पा म्हणायचे.

घरात मात्र जागा संपली होती. यंत्रं माळ्यावरून पलंगाखाली, पलंगाखालून देवघरात आली. महादेवाच्या पिंडीला बेल वाहताना मंजुश्रीवहिनींचा हात एका पट्टीवर पडला आणि भोंगा वाजला, त्या दिवशी त्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. माहेर कर्नाटकातलं, रागावल्या की कानडी आधी यायची.

"साकु! पुरे झालं हे. ह्यातलं एक तरी कधी देवाच्या कामी आलंय का? सप्ताह चालू हाय. काल्याच्या कीर्तनात एक वाजवून दाखवा, समदी ठिवा. न्हाईतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते."

"आपण महादेवाचे, गं. विठ्ठलाच्या मंडपात मला कोण बसू देईल?"

"देवायचं देव बघून घेतील. तुम्ही तुमचं बघा."

तर माऊली, देवानं बघितलंच. पेटीवाले वैजनाथ मेव्हण्याच्या लग्नाला गेले आणि पेटीही संगं घेऊन गेले. काल्याच्या दिवशी सुराला कुणी नाही. कीर्तनकार भागवत महाराज थकलेले, आवाज खाली आलेला. मी म्हणालो, अप्पांना बोलवा. मृदंगावरचा ग्यानोबा म्हणाला, "कीर्तन हाय का वरात?" महाराज म्हणाले, "सूर दिला तर बास हाय. मग तो डब्यातून येऊ दे."

अप्पांनी मुदखेडचं जपानीच आणलं. या जुन्या यंत्रांचा एक स्वभाव असतो. आत विजेवरच सूर धरलेला असतो, यंत्र तापलं की सूर हलतो. म्हणून अप्पांनी ते पहाटेच चालू करून ठेवलं, नीट ऊब धरू दिली, महाराजांच्या पट्टीला, काळी एकला मिळवलं आणि तोंड धुवायला गेले.

तेवढ्यात साखराबाई आल्या. टाळ, मृदंग, वीणा, सगळ्यांची पूजा त्यांच्याकडे. नव्या पाहुण्याला कसं विसरायचं? त्यांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि मानाची जाड शाल यंत्राच्या पाठीवर व्यवस्थित, चारी बाजूंनी खोचून पांघरली. यंत्राला श्वास घ्यायच्या जाळ्या नेमक्या तिथंच.

अप्पा येऊन बसले. शाल पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण दिलेली मानाची शाल, तीही साखराबाईंच्या हातची, भर मंडपात कशी काढायची?

महाराजांनी नमन म्हटलं. अप्पांनी एका बोटानं सा धरला. काय सूर तो! वीस तंबोरे एका गळ्यात बसावेत तसा. ग्यानोबानंही मान हलवली.

वर पत्रा तापला, शालीखाली यंत्र तापलं, आणि सूर मुंगीच्या पावलानं वर निघाला. महाराज सुराचे पक्के. सूर जिथं जाईल तिथं गळा जाणार. आम्ही टाळकरी महाराजांच्या मागं. अडकला एकटा ग्यानोबा, कारण मृदंग काही आपला आपण चढत नाही. त्यानं मृदंगाच्या पानावरची कणीक खरवडली. मग सूर चढवायची हातोडी काढली. टाळी पडली की तो एक ठोका द्यायचा आणि अप्पांकडं असं बघायचा, की पुढचा ठोका तिथंच.

अप्पांनी शालीखाली हात घालून सूर उतरवणारं बटण चाचपलं. जरासं फिरलं मात्र, महाराजांचा आवाज अभंगाच्या मध्यावर पायरी चुकल्यासारखा घसरला. बायकांच्या बाजूनं मंजुश्रीवहिनींनी मान वर केली. अप्पांनी हात काढला, डोळे मिटले आणि महादेवाचा धावा सुरू केला, विठ्ठलाच्या मंडपात.

गजर आला तेव्हा आम्ही काळी दोनच्याही वर होतो. महाराज पंचाहत्तरीचे. मानेच्या शिरा फुगलेल्या, हात वर गेलेले, आणि आवाज असा लागला की बाहेर पत्रावळी मांडणारी माणसं तशीच उभी राहिली. पंधरा वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. साखराबाई रडत होत्या. ग्यानोबानं हातोडी खाली ठेवली.

दहीहंडी फुटली. अप्पा महाराजांच्या पायावर पडले.

"महाराज, चूक झाली. यंत्र तापलं. सूर चढत गेला, मला धरता आला न्हाई."

महाराज घाम पुसत राहिले. मग हसले.

"यंत्र व्हय? मला वाटलं, पांडुरंगच वर वढून राहिला." आणि हळू आवाजात म्हणाले, "दरसाली एक एक पट्टी खाली चाललो होतो, अप्पा. भ्या वाटायलं होतं. आज वर जाऊन आलो."

मंजुश्रीवहिनी मागं उभ्या होत्या. सोमवारी भंगारवाला आला, त्याला त्यांनी चहा दिला आणि यंत्रांना जागा व्हावी म्हणून घरातला कूलर दिला. कूलर चांगला चालत होता. अप्पांनी उन्हाळा घामात काढला, पण खुशीत.

महाराजांचं ते शेवटचं कीर्तन. दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या गावी शोकसभेत मोठी माणसं बोलली, लांबलचक बोलली. शेवटी कुणीतरी अप्पांना पुढं बोलावलं. अप्पांनी जपानी उघडलं, काळी एकचा सा धरला आणि तसेच बसून राहिले. त्या सुरावर कुणी गाईना. मी टाळ उचलला होता, पण वाजवला नाही. जिथं महाराज उभे राहायचे ती जागा रिकामी होती, आणि सूर तिच्यासाठी थांबून होता.

बास, माऊली, एवढंच. आता टाळ घ्या. पण पहिली टाळी द्यायच्या आधी घडीभर आमच्या भागवत महाराजांना आठवा.